मुलांची चित्रं विकली गेली नाहीत, आता पुढे काय?

कल्याणच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गेल्या दिवाळीला त्यांच्या सोसायटीतल्या मुलांनी साठेक चित्रं काढली. ती विकून जवळच्या एका वसतिगृहाला धान्य द्यायचं ठरलं होतं. चौकटी, फलक आणि मांडव यांतच निम्म्याहून जास्त पैसे गेले. बहुतेक चित्रं ज्याच्या त्याच्या आईबाबांनीच घेतली. ज्यांच्या घरचं कुणी आलं नाही त्यांची भिंतीवरच राहिली आणि दोन मुलं रडत घरी गेली. यंदा पुन्हा काही करावं, की सरळ दारोदार वर्गणी काढून मोकळं व्हावं, असं त्या विचारतात.

ताई, वर्गणी काढून मोकळं होऊ नका. वर्गणीनं धान्य येईल, पण मुलांच्या हाती काहीच राहणार नाही. मी गेली बावीस वर्षं पुण्यात मुलांना मातीकाम शिकवते आणि त्यातल्या चौदा वर्षी आम्ही मुलांच्या हातच्या वस्तूंतून कुणा ना कुणासाठी पैसे उभे केले आहेत. तुमच्यासारखा अनुभव आम्हीही पहिल्या दोन वर्षांत घेतला. मुलांची चित्रं वाईट होती म्हणून तो आला असं मला वाटत नाही. भिंतीवर फुलपाखरं होती, डोंगरामागचा सूर्य होता, आणि पैसे जाणार होते वसतिगृहाच्या कोठीत. त्या सूर्याचा आणि त्या कोठीचा एकमेकांशी काय संबंध? पाहणाऱ्याला तो दिसला नाही, म्हणून त्यानं फक्त आपल्या पोराचं चित्र घेतलं. जी वस्तू मुलं करतात तिनंच मदत कशासाठी आहे ते सांगायला हवं. एवढं जमलं की बाकीची निम्मी कामं आपोआप सोपी होतात.

ज्यांना हे जमलं त्यांच्याकडे पाहा. हत्तीचं एक पिल्लू होतं, मोशा नावाचं, थायलंडचं. भूसुरुंगावर पाय पडून त्याचा पुढचा पाय गेला आणि तिथल्या हत्तींच्या दवाखान्यात त्याला कृत्रिम पाय बसवला. त्या पिल्लाला पाहून नेदरलँड्सच्या एका बापलेकांनी हत्तींच्या रंगवलेल्या मूर्ती शहरात मांडायची कल्पना काढली. २००७ साली रॉटरडॅममध्ये पहिली मांडणी झाली, २०१० मध्ये लंडनच्या रस्त्यांवर अडीचशेहून अधिक हत्ती उभे राहिले आणि पुढे त्यांचा लिलाव झाला. २०१८ मध्ये ते हत्ती मुंबईतही आले होते, तुमच्यापैकी कुणी पाहिलेही असतील. त्या वेळी हत्तींची संख्या मुद्दाम १०१ ठेवली होती, कारण भारतात हत्तींच्या ये-जा करण्याच्या १०१ वाटा नोंदलेल्या आहेत आणि पैसा त्या वाटा मोकळ्या ठेवण्यासाठी जाणार होता. रंगीत हत्तीपाशी फोटो काढणारं पोरसुद्धा 'एकशे एकच का?' असं विचारायचं, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरातच सगळं काम सांगून व्हायचं.

त्याहून मला आवडतात ते घाणेरीचे हत्ती. घाणेरी, कुणी टणटणी म्हणतं, आपल्याकडे प्रत्येक माळावर आहे. इंग्रजांनी बागेची शोभा म्हणून आणलेलं हे झुडूप आता जंगलं गिळत चाललंय. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही आणि जनावरांना चारा मिळत नाही. निलगिरीच्या परिसरातल्या आदिवासी कारागिरांनी त्याच घाणेरीच्या काटक्या उकळून, वाकवून खऱ्या मापाचे हत्ती बांधले. २०२१ मध्ये ते लंडनच्या बागांत उभे होते, पुढे अमेरिकेतही गेले. हत्ती विकला की पैसा माणूस आणि वन्यप्राणी शेजारी राहू शकतील अशा कामाला जातो, कारागिराला मजुरी मिळते, आणि हत्ती बांधायला घेतलेली घाणेरी तेवढी जंगलातून कमी होते. एकाच वस्तूत तीन कामं. मुलांना मी हे फोटो दरवर्षी दाखवते.

तुमचं काम धान्याचं आहे. मग तुमच्यासाठी याहून साधं आणि नेमकं उदाहरण आहे वाडग्याचं. १९९० साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन हार्टम नावाच्या एका हायस्कूलच्या कलाशिक्षकानं आपल्या विद्यार्थ्यांकडून मातीचे वाडगे करवून घेतले. शाळेतल्या लोकांना जेवायला बोलावलं आणि त्याच वाडग्यांतून सूप आणि पाव वाढला. जेवण झाल्यावर पाहुण्यांना सांगितलं की वाडगा घरी न्या, आणि फडताळात तो रिकामा दिसेल तेव्हा कुणाचा तरी वाडगा रोज रिकामा असतो हे आठवू द्या. हार्टम आणि लिसा ब्लॅकबर्न यांनी ती कल्पना पुढे वाढवली. आज कितीतरी देशांतले कुंभार, शाळा आणि चर्च हे 'रिकामे वाडगे' नावाचं जेवण आपापल्या गावात करतात.  मुख्य गोष्टी दोन: जेवण साधं, आणि वाडगा पाहुण्याचा.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते संक्रांतीचं सुगड. आपल्या आज्या-आया मातीच्या लहानशा सुगडात हरभरा, ऊस, बोरं, गाजर, तीळगूळ भरतात आणि दुसरीला देतात. मातीचं भांडं भरून देण्याची रीत आपल्याकडे घराघरात आहेच, ती बाहेरून आणावी लागत नाही. म्हणून आम्ही आमचं रिकाम्या वाडग्यांचं जेवण संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत ठेवतो. हळदीकुंकवाचे दिवस असतात, लोक तसेही एकमेकांकडे जातात, वाण लुटायची हौस असते. फरक एवढाच की इथलं वाण घ्यायला सगळे येतात. पुरुष, मुलं, आणि ज्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावत नाहीत त्याही. आमच्या इमारतीतल्या एक आजी तिसऱ्या वर्षी म्हणाल्या, 'नवरा गेल्यापासून संक्रांतीचं वाण पहिल्यांदा हातात आलं.' तेव्हापासून आम्ही निमंत्रणातच लिहितो: सगळ्यांनी यायचं.

हे दिवस निवडण्यामागे मातीचंही कारण आहे. तुम्ही दिवाळीला करायला गेलात तर वाडगे श्रावण-भाद्रपदात घडवावे लागतील, आणि पावसाळी हवेत माती वाळत नाही. आम्ही पहिल्या वर्षी हीच चूक केली. वरून कोरडे वाटणारे वाडगे भट्टीत घातले, आतली ओल वाफ होऊन फुटली, आणि १२० पैकी ४० वाडग्यांचे तुकडे निघाले. ते तुकडे बघून मुलांचे जे चेहरे झाले ते मी आजही विसरलेले नाही. आता आम्ही दिवाळीच्या सुट्टीत माती मळतो, नोव्हेंबरभर वाळवतो आणि डिसेंबरात भाजतो.

मातीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गाडी इथेच अडते. गणपतीची उरलेली शाडू वापरू नका, ती कच्चीच ठेवायची माती आहे. भट्टीसाठी कुंभाराकडची किंवा स्टुडिओवाल्यांकडची तयार माती घ्या. पंचवीस किलोच्या एका गोणीत मुलांच्या हातचे साधारण पन्नास वाडगे होतात. चाक नको. मोसंबीएवढा गोळा घ्यायचा, मध्ये अंगठा रुतवायचा आणि चिमटीत धरून फिरवत फिरवत भिंत पातळ करत न्यायची. सहा वर्षांच्या मुलालाही हे जमतं आणि साठ वर्षांच्या माणसालाही यात गंमत वाटते. मुलं तळ नेहमी जाड ठेवतात, आणि फुटतो तो तिथेच. तळ बोटाच्या जाडीपेक्षा कमी हवा, टाचणी टोचून बघा. वाडगा आधी दोन-तीन दिवस वर्तमानपत्रात झाकून ठेवायचा, मग सावलीत उघडा. उन्हात घाई केली की तडे जातात. वाळला की नाही ते ओळखायची जुनी खूण म्हणजे वाडग्याचा तळ गालाला लावायचा. गार लागला तर आत ओल आहे. मुलांना हे काम फार आवडतं, रोज येऊन आपापला वाडगा गालाला लावून बघतात.

मुलांना आधीच सांगा की माती ओली असते त्यापेक्षा भाजल्यावर दहा-बारा टक्क्यांनी आकसते. नाहीतर 'माझा वाडगा बदलला' म्हणून भांडण होतं. पहिली भाजणी नऊशे ते हजार अंशांची. त्यावर ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा चकाकणारा लेप, लावून दुसरी भाजणी, मातीच्या जातीप्रमाणे त्याहून बरीच वर. ज्या भांड्यात खायचं त्याचं ग्लेझ शिशाविना असलं पाहिजे, हे कुंभाराला तोंडी नाही तर लिहून विचारा. आणि तळाचं ग्लेझ ओल्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर वाडगा भट्टीच्या फळीलाच चिकटतो. तुमच्याकडे विजेची भट्टी असलेला स्टुडिओ नसेल आणि गावच्या कुंभाराच्या भट्टीतच भाजायचं असेल, तर ते लाल, बिनग्लेझचे वाडगे तेल-आमटी शोषतात. त्यात जेवण वाढू नका. त्यात मुठीएवढे तीळगूळ किंवा हरभरे भरून द्या आणि जेवण पत्रावळीवर ठेवा. शिवाय आपल्याकडे अशा बिनग्लेझच्या मातीच्या भांड्यात एकदा खाल्लं की ते उष्टं झालं असं मानणारी माणसं आहेत, त्यांचाही मान राहतो.

आता रडलेल्या दोन मुलांबद्दल, कारण तुमच्या पत्रातली तीच ओळ मला सगळ्यात जास्त लागली. मुलाचं नाव वस्तूवर आणि किंमत खाली, असं मांडलं की ती मुलांची परीक्षा होते आणि निकाल भर मांडवात लागतो. आम्ही नाव घालू देत नाही. प्रत्येक मूल वाडग्याच्या तळाशी आपली एक खूण कोरतं: मासा, चांदणी, तीन टिंबं, काहीही. सगळ्या वाडग्यांची देणगी एकच. पाहुणा आवडेल तो उचलतो, जेवतो, आणि जेवण संपल्यावर वाडगा उलटा करून खूण बघतो. मग भिंतीवरच्या तक्त्यावर ती खूण कुणाची ते शोधायचं. भोंडल्यात खिरापत ओळखतात ना, अगदी तसाच दंगा होतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये १९९४ साली याच जातीचा खेळ सुरू झाला. नामवंत चित्रकारांची आणि विद्यार्थ्यांची पोस्टकार्डाएवढी चित्रं एकाच किमतीला मांडायची, सही मागच्या बाजूला, घेईपर्यंत कळत नाही कुणाचं. तिथे लोकांना नाव सापडण्याची ओढ असते. आपल्याकडे शेजारच्या बंटीचा वाडगा आपल्या हातात आला याचाच आनंद होतो. एखादी आई आपल्याच लेकीचा वाडगा शोधत बसते, तिला थोडं हसून पुढे पाठवावं लागतं. उरलेले वाडगे? पाहुण्यांपेक्षा वाडगे थोडे कमीच ठेवा. कमी पडले की शेवटचे चारपाच जण वाट बघतात, पण भिंतीवर कुणाचाच वाडगा एकटा राहत नाही.

लिलाव करू नका. हत्तींच्या मूर्तींना लिलाव शोभतो, तिथे बोली लावणारे एकमेकांना ओळखत नसतात. सोसायटीत मात्र कोण किती बोललं हे वर्षभर लक्षात राहतं. तिकिटं विकून लकी ड्रॉ काढू नका, कायद्यानं ती लॉटरी होते.

पैशाचं सांगते. गेल्या खेपेला आम्ही १२० वाडगे केले, त्यांतले ११२ नीट भाजून निघाले, देणगी प्रत्येकी ३०० रुपये. ३३,६०० रुपये झाले आणि त्यातला एक रुपयाही खर्चाला गेला नाही. माती, ग्लेझ आणि भाजणी यांचा खर्च आम्ही आधीच चार घरांनी मिळून उचलला होता, आणि खिचडीचं सामान एका किराणा दुकानदारांनी दिलं. शंभर माणसांच्या खिचडीला तांदूळ-डाळ मिळून दहा-बारा किलो पुरते, बरोबर कढी. याहून जास्त पदार्थ करू नका. पाच भाज्या आणि गुलाबजाम आले की ती पार्टी होते आणि रिकाम्या वाडग्याची गोष्ट विरून जाते. चौकट, फलक, मांडव काही नको, गच्ची आणि सतरंज्या पुरेत. खर्च आधी वेगळा काढून ठेवला की 'तुमचे सगळे पैसे तिकडेच जाणार' असं ठामपणे सांगता येतं, आणि माणूस तेवढ्यावर विश्वास ठेवतो.

पैसे स्वतःच्या किंवा सेक्रेटरींच्या खात्यात घेऊ नका. नोंदणीकृत ट्रस्टला द्यायचे असतील तर त्याच ट्रस्टचा क्यूआर कोड लावा आणि पावतीही त्यांचीच द्या. तुम्ही स्वतः मंडळ म्हणून गोळा करणार असाल, तर गणेश मंडळांना जशी धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क खालची परवानगी घ्यावी लागते तशी तुम्हालाही लागू होते का, हे आधी त्यांच्या कार्यालयात विचारून घ्या. आणखी एक, लोक ८० जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागतात. रोख दोन हजारांच्या वर दिलेल्या देणगीला ती सवलत मिळत नाही, आणि बदल्यात वस्तू दिली असेल तर ती सगळी रक्कम देणगी म्हणून दाखवणंही बरोबर नाही. आम्ही सरळ सांगतो की तीनशे रुपये वाडग्याचे आणि जेवणाचे, त्यावर करसवलत नाही. ज्यांना जास्त द्यायचं आहे त्यांनी ट्रस्टला वेगळे द्यावे. बरेच जण देतात.

हिशेब आठ दिवसांत फाटकावर लावा, आणि तो किलोमध्ये लावा. '३३,६०० रुपये' वाचून मुलांना काही कळत नाही. 'इतके किलो तूरडाळ, इतके किलो तांदूळ' वाचलं की कळतं. पण त्याआधी वसतिगृहाला विचारा त्यांना काय हवं आहे. एका वर्षी आम्ही न विचारता डाळ-तांदूळ घेऊन गेलो. कोठी भरलेली होती, संपले होते ते गॅस सिलिंडर. तिथल्या ताईंनी डाळ हसून ठेवून घेतली, पण त्या आठवड्यात तिथल्या मुलांचा स्वयंपाक चुलीवरच झाला.

एक गोष्ट मी फार उशिरा शिकले. चौथ्या वर्षी आम्ही दारात मोठा फलक लावला होता, त्यावर वसतिगृहातल्या मुलांचे फोटो, हातात ताटं. आम्हाला वाटलं, लोकांना कळावं कुणासाठी आहे. त्यांच्यातली काही मुलं त्या दिवशी पाहुणी म्हणून आली होती. एक नववीतला मुलगा फलकासमोर उभा राहिला, स्वतःचा फोटो बघितला आणि जेवायला आतच आला नाही, फाटकाबाहेर रिक्षात जाऊन बसला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले, पण मला काही बोलता आलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही कुणाचाही फोटो लावला नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातल्या मुलांनाही माती मळायला बोलावलं. तोही आला. त्याच्या वाडग्याची भिंत सगळ्यांत पातळ आणि सरळ होती. कोणता वाडगा देणाऱ्याचा आणि कोणता घेणाऱ्याचा हे आता खुणांवरून कळत नाही, आणि आम्ही कुणाला सांगतही नाही.

माझ्या लहानपणी घरोघरी दिवाळीला 'क्राय' या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची भेटकार्डं यायची. १९७९ मध्ये मुंबईत रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी पन्नास रुपयांवर ती संस्था सुरू केली, आणि कार्डांनी ती घराघरात पोचली. त्याच्या तीस वर्षं आधी, १९४९ मध्ये, चेकोस्लोव्हाकियातल्या यित्का साम्कोव्हा नावाच्या सात वर्षांच्या मुलीनं युद्धानंतर गावाला मिळालेल्या मदतीचे आभार मानायला एक चित्र काढलं. कागद नव्हता म्हणून काचेच्या तुकड्यावर काढलं: फुलांच्या खांबाभोवती नाचणारी मुलं. तेच युनिसेफचं पहिलं भेटकार्ड झालं. चित्र काढणारी मुलगी मदत घेणाऱ्यांतली होती, देणाऱ्यांतली नव्हती, हे मी दरवर्षी दोन्हीकडच्या मुलांना सांगते. वरोऱ्याच्या आनंदवनातही हेच दिसतं. तिथल्या लोकांच्या हातची कार्डं आणि वस्तू आपण विकत घेतो ते काम चांगलं म्हणून, आणि दानानं माणूस दुबळा होतो, कामानं उभा राहतो, हा बाबा आमटे यांचा आग्रह त्यामागे आहे. तुमच्या वसतिगृहातल्या मुलांनाही बोलावा, तुमच्या मुलांच्या शेजारी बसवा.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की मोठ्यांनी मुलांच्या कामावर शेवटचा हात फिरवावा का, म्हणजे वस्तू विकण्याजोगी दिसेल. नको. कड वाकडी असेल तर असू द्या, फक्त ओठ कापेल इतकी धारदार नसावी, तेवढी ओल्या बोटानं गुळगुळीत करा. बोटांचे ठसे पुसू नका. ग्लेझ त्या ठशांच्या खळग्यांत साचून गडद होतं, आणि भट्टीतून वाडगा निघाला की सहा वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याची खूण त्यात दिसते. आमच्या पाहुण्यांतले निम्मे लोक वाडगा निवडताना आपला अंगठा त्या खळग्यात बसवून बघतात. या आठवड्यात एवढंच करा: कल्याण-डोंबिवलीत भट्टी कुणाकडे आहे ते शोधा आणि डिसेंबरातली तारीख आजच धरून ठेवा. संक्रांतीआधी सगळ्याच भट्ट्यांवर गर्दी असते.